दूधबंदी

दिवाळी तीन आठवड्यांवर आली की आमच्या घरात फराळाची यादी होते. यादी मी करते, दुरुस्त सासूबाई करतात आणि वाण्याच्या दुकानात जाताना ती घरी विसरण्याचे काम हे करतात. ही वाटणी गेली एकोणीस वर्षे बिनतक्रार चालू आहे. यंदा मात्र यादी लिहायला बसले आणि पाहते तो काय, कागदाच्या मधोमध माझ्या हाताने आपोआप एक उभी रेघ मारली होती. (मी शाळेत चित्रकला शिकवते. माझी रेघ पट्टी न लावताही सरळ येते, याचा मला किंचित अभिमान आहे.) रेघेच्या डावीकडे ‘तुपाचे’, उजवीकडे ‘बिनतुपाचे’. उजवीकडची यादी एकट्या माणसासाठी. ते माणूस म्हणजे आमची लेक, वय वर्षे सोळा.

हे प्रकरण सुरू झाले गेल्या वर्षीच्या जूनमध्ये. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. लेकीचे दहावीचे वर्ष. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी परीक्षेला बसल्यासारखे चेहरे केले होते. सकाळी मी नेहमीप्रमाणे दुधाचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, “आई, मी आजपासून दूध घेणार नाही. दही, ताक, तूप, लोणी, पनीर, काहीच नाही. मधसुद्धा नाही.”

“पोट बिघडलंय का?” मी विचारले.

“नाही. मी व्हीगन झालेय.”

मला ते ‘व्हायरल झालेय’ असे ऐकू आले आणि मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आम्ही मुळातले शाकाहारी. आमच्या घरात अंडे आले ते एकदाच, वर्गातल्या स्थिरचित्रासाठी, आणि सासूबाईंनी तेही ओट्यावर ठेवू दिले नव्हते; बिचारे रात्रभर चपलांच्या फळीवर होते. अशा घरात आणखी सोडण्यासारखे काही उरले असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. लेकीने मला समजावून सांगितले की जनावरापासून आलेले काहीही खायचे नाही. तिने फोनवर कुठली तरी फिल्म पाहिली होती. गाय व्याली की वासरू कसे वेगळे करतात, नर वासरांचे पुढे काय होते, वगैरे. सांगता सांगता तिने एकदम विचारले, “तुझ्या माहेरी गोठा होता ना गं? तिथं असलं काही असायचं का?”

“छे! आपल्याकडे नसतं असलं काही,” मी म्हणाले आणि गॅस बंद करायला उठले.

गॅस बंदच होता. उत्तर खोटे होते. त्याविषयी पुढे सांगेन.

सासूबाईंनी बातमी ऐकली आणि आश्चर्य म्हणजे त्यांना आनंद झाला. आषाढी जवळ आली होती. चातुर्मासात एकेका महिन्याला एकेक गोष्ट सोडण्याचे व्रत त्यांच्या माहेरी पाळत. पहिल्या महिन्यात भाजी, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी. नातीला तेच सुचले असावे अशी त्यांनी समजूत करून घेतली. त्यांनी जपमाळ बाजूला ठेवून तिच्या तोंडावरून हात फिरवला. खरा प्रकार कळल्यावर मात्र म्हणाल्या, “बाळे, आमचं कार्तिकीला सुटतं. तुझं कधी सुटायचं?”

यांचा मार्ग निराळा. हे पतसंस्थेत हिशेब सांभाळतात आणि कोणत्याही वादात महात्मा गांधींना साक्षीला बोलावतात. रात्री जेवताना त्यांनी सांगितले की गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत १९१२ साली दूध सोडले. पण १९१८ मध्ये आमांशाने अंथरूण धरले, प्रकृती काही केल्या सुधारेना, आणि पुढच्या वर्षी मुंबईत डॉक्टरांनी दुधावाचून शरीर भरणार नाही असे बजावले. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: शपथ घेतली ती गाई-म्हशीच्या दुधाची, शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? आणि त्यांनी घेतले.

“पाहिलंस?” हे विजयी मुद्रेने म्हणाले. “तेव्हा बेटा, शेळी आणू का एक?”

“पण बाबा, त्यांनीच लिहिलंय ना की शपथेचा शब्द पाळला, पण अर्थ मोडला म्हणून? त्यांना शेवटपर्यंत ते खुपत होतं,” लेक म्हणाली. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातली ‘सत्याचे प्रयोग’ची प्रत आठ दिवस कुणाकडे होती, याचा मला तेव्हा उलगडा झाला. हे वरणभात कालवू लागले.

वादात आम्ही हरलो, पण वाद जिंकल्याने रक्त वाढत नाही. आईच्या पोटात गोळा येतो तो वेगळाच. ही वाढीची वर्षे. हाडांत जी काय पुंजी साठवायची ती बहुतेक विशीच्या आत साठवायची. पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च करायचा. त्यात मुलीची जात, महिन्याच्या महिन्याला रक्त जाणार. आणि माझी अडचण अशी की मला यातले काही कळत नव्हते. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, त्यावर चित्रकला शिक्षकाची पदविका. विज्ञानात मी पास झाले ती आकृत्यांच्या जिवावर. पचनसंस्था अशी देखणी काढली होती की तिला दिलेली नावे चुकली आहेत याकडे परीक्षकांचे लक्ष गेले नसावे. मी कादंबऱ्याही लिहिते. पण माझ्या कादंबऱ्यांतली माणसे आजारी पडतात तेव्हा त्यांना नुसता ‘ताप’ येतो. कसला, ते मी वाचकांवर सोडते. लेकीला वाचकांवर सोडता येत नव्हते.

म्हणून वाचायला लागले. पहिलीच भेट झाली ती एका मास्तरांची. डोनाल्ड वॉटसन नावाचे इंग्रज गृहस्थ, शाळेत सुतारकाम शिकवीत. म्हणजे आमच्याच बिरादरीचे. शाळेत ज्या विषयाचा तास इतर शिक्षक हक्काने मागून घेतात, असले विषय आम्ही शिकवतो. त्यांनी १९४४ साली चार समविचारी मंडळी जमवून संस्था काढली आणि इंग्रजीतल्या शाकाहारी या अर्थाच्या शब्दाचा मधला भाग रंध्याने तासून टाकावा तसा टाकून, पुढची तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून ‘व्हीगन’ शब्द बनवला. गृहस्थ पंचाण्णव वर्षे जगले. हे वाचून मला फार बरे वाटले. पण पुढे कळले की ज्या जीवनसत्त्वावाचून हा आहार लंगडा पडतो, ते बी-बारा वेगळे काढले गेले १९४८ साली. म्हणजे संस्था आधी निघाली आणि तिच्या ताटात काय कमी आहे ते चार वर्षांनी समजले. हे जीवनसत्त्व ना झाड बनवते, ना जनावर. बनवतात फक्त सूक्ष्म जंतू. जनावरांकडून ते दुधा-मांसात उतरते. डाळी, भाज्या, धान्ये यांत भरवशाने मिळत नाही. ते कमी पडले तर रक्त तर बिघडतेच, पण मज्जातंतूही बिघडतात. आणि तो बिघाड फार दिवस चालू दिला तर भरून येईलच असे नाही.

बाकीच्या गोष्टींत मात्र आपला डबा एवढा रिकामा नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात एकशेवीसच्या आसपास. तिळात तर हजाराच्या वर. या वयाला रोज हजारभर लागते. पण हा त्रैराशिकाचा हिशेब पोटाला मान्य नसतो. धान्यातले कॅल्शियम आणि लोह दोन्ही अंगी लागू न देणारे काही घटक त्याच धान्यात असतात. नाचणी भिजवून मोड आणली की त्यांचा जोर कमी होतो. पालकात कॅल्शियम दिसते पुष्कळ, पण त्यातले शरीराला फार थोडे मिळते. तांबडा माठ, पालक यांच्यावर विसंबून चालत नाही. पोह्यांवर लिंबू पिळले तर त्यातले लोह चांगले मुरते, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर तेच वाया जाते. पोह्यांनंतर चहा हा आमच्या घराचा धर्म आहे! डाळ आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात, हे मात्र कुणी सांगावे लागले नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ताटातच लिहून ठेवले आहे.

इथे मला माझ्याच माहेरची आठवण झाली. कृष्णाकाठचे गाव. घरोघर म्हशी, पण दूध पहाटे उठून डेअरीत जायचे. ज्यांच्या दावणीला जनावर, त्यांचीच पोरे कोरा चहा प्यायची. भाकरी, हुलग्याचे माडगे, जवसाची चटणी, रानातली भाजी यांवर गाव पोसले होते. मी लेकीच्या बाजूने हा मुद्दा सासूबाईंपुढे मांडला. त्या म्हणाल्या, “आणि त्यातली किती पोरं खुरटली ती नाही मोजलीस?” मी गप्प बसले. नाइलाजाने न मिळणे आणि विचार करून न घेणे या दोन गोष्टींचे ताट वरून सारखे दिसते, एवढेच.

खरी भीती मी कुणाला सांगितली नव्हती. मी रोज पाचशे मुलामुलींची चित्रे तपासते. आठवी-नववीच्या मुली स्वतःचे चित्र काढतात तेव्हा अलीकडे कंबर अशी काढतात की त्यातून दोराही जाऊ नये. एक पोरगी डब्यातली पोळी मैत्रिणींना वाटून टाकायची आणि विचारले तर “मला आवडत नाही” म्हणायची. पुढे तिला मुंबईला दाखवावे लागले. काही मुली कमी जेवण्याला एखादे चांगले नाव शोधतात, हे मी पाहिले होते. आमचीही त्यातली नाही ना? दोन महिने मी चोरासारखी लक्ष ठेवून होते. आरशापुढे किती वेळ उभी राहते, ताटात काय टाकते, न्हाणीघरातून कसला आवाज येतो. एका रविवारी मी दाराआडून पाहिले. बाईसाहेब स्वयंपाकघरात जमिनीवर बसकण मारून तिसरी भाकरी शेंगदाण्याच्या ठेच्याबरोबर हाणीत होत्या आणि वर वाटी चाटीत होत्या. एखाद्या कवीला चांदणे पाहून होत नसेल एवढा आनंद मला तो ठेचा पाहून झाला.

तो आनंद स्वातंत्र्यदिनापर्यंत टिकला. झेंडावंदनाला पोरे तासभर उन्हात उभी होती. राष्ट्रगीत संपायला आणि आमची लेक खाली बसायला एक गाठ पडली. बसली कसली, कोसळलीच. मी रांगोळी घालत होते. हातातला रंग तसाच टाकून धावले. कांदा, पाणी, रुमाल सगळे झाले. तिच्या पांढऱ्या गणवेशावर माझ्या हाताचा केशरी पंजा उमटला तो अजून निघालेला नाही. घरी आल्यावर हे काही बोलले नाहीत. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मात्र बोलले. नको नको ते बोलले. तिच्या हट्टापायी तिचे वर्ष, तिची हाडे आणि माझा जीव जाईल, असे काहीसे. ती रडली नाही. म्हणाली, “चल ना मग डॉक्टरांकडे. तपासून घेऊ.”

आमच्या डॉक्टरीणबाई शांत बाई. रक्त घ्यायला सांगितले. लेक एकदम म्हणाली, “आईचंही घ्या. तिच्या पायांना मुंग्या येतात.” मुंग्या मला तीन वर्षांपासून येत होत्या. फळ्यापुढे उभे राहून येतात, हे माझे निदान.

दोन दिवसांनी कागद आले. लेकीचे हिमोग्लोबिन साडेनऊ. बी-बारा दोनशेच्या वर हवे, ते दीडशे. माझे एकशेदहा! रोज दोन वेळा दुधाचा चहा, एक वाटी दही आणि सणासुदीला तुपाची धार घेणाऱ्या बाईचे एकशेदहा.

मी म्हणाले, “बघा, दूध सोडल्याचा परिणाम.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “कुणाच्या? तुम्ही कधी सोडलंत?” मग त्यांनी समजावले. बी-बाराचा साठा यकृतात असतो, भरलेला असेल तर काही वर्षे पुरतो. अडीच महिन्यांत तो आटत नाही. म्हणजे लेकीची तिजोरी आधीपासूनच रिकामी होती. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि पेलाभर दुधातून मिळते त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यातलेही काही आपण तीनतीनदा उकळून घालवतो. चहातल्या दुधाचे तर नावच नको. आणि लोह? “दुधात लोह जवळजवळ नसतंच हो,” त्या म्हणाल्या. देशात १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींत एकोणसाठ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. त्या काही सगळ्या व्हीगन नव्हेत.

त्यांनीच मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाविषयी सांगितले. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांची पाहणी सुरू केली. त्यातल्या गरोदर बायांपैकी दोन-तृतीयांश जणींमध्ये बी-बारा कमी निघाले. आणि ज्या आयांमध्ये ते कमी, पण फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणाऱ्या खुणा दिसल्या. मी घरी येईपर्यंत बोलले नाही. तिच्या वेळी मी गरोदर असताना माझे किती असेल? त्या काळी कुणी पाहिले नव्हते.

मला इंजेक्शने, तिला गोळ्या. लोहाच्या निराळ्या. लेकीने प्रामाणिकपणे विचारले, “ही गोळी जनावरापासून करतात का?” बी-बारा मोठाल्या टाक्यांत जंतू वाढवून काढतात, हे ऐकून तिचे समाधान झाले. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या वेळी घोळ झाला. ते बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट अंशापासून काढतात. एक दिवस तिने विचार केला. मग दगडफुलासारख्या वनस्पतीपासून केलेले मिळते असे तिनेच शोधून काढले, किंमत दुप्पट. यांनी पैसे दिले आणि हिशेबाच्या वहीत ‘मेंढीची सुटका’ असे लिहिले.

थोरामोठ्या पंडितांचे तरी एकमत असेल म्हणून पाहावे, तर तेही नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली म्हटले की नीट आखलेला असा आहार सर्व वयांना चालतो. २०२५ च्या नव्या निवेदनात त्यांनी फक्त प्रौढांपुरतेच बोलणे पसंत केले. जर्मनीतल्या संस्थेने २०१६ साली मुलांना, वयात येणाऱ्यांना नको म्हटले. २०२४ मध्ये घ्या असेही नाही आणि घेऊ नका असेही नाही, अशा जागी ती येऊन थांबली. बी-बाराची गोळी घ्यायचीच, यावर मात्र सगळ्यांची मान हलते. मला विचाराल तर, गोळी न चुकवणारी, नियमाने रक्त तपासून घेणारी आणि पोटभर खाणारी मुलगी असेल तर मी तिला अडवणार नाही. यातली एकही गोष्ट नसेल तर अडवीन, आणि खुशाल वैर घेईन.

फेब्रुवारीत तिचे हिमोग्लोबिन बारावर आले. उंची वर्षात दोन बोटे वाढली. दाराच्या चौकटीवर मी पेन्सिलीने खूण करते. दहावीही झाली, गुण सांगण्यासारखे आहेत, पण सांगत नाही. माझ्या मुंग्या कमी झाल्या आहेत, गेल्या नाहीत.

आणि सासूबाई? त्या गेल्या दिवाळीपासून विरोधी पक्षात राहिल्या नाहीत. चकलीला लोण्याऐवजी कडकडीत तेलाचे मोहन, शंकरपाळ्यांत दुधाच्या जागी नारळाचा रस, अनारसे तेलात, शेंगदाण्या-तिळाचे लाडू गुळात. प्रत्येक पदार्थ करताना “याला काही चव यायची नाही” म्हणायच्या आणि डबा भरताना सर्वांत वरचा चांगला लाडू नातीसाठी बाजूला काढायच्या. बेसनाचा लाडू मात्र तुपावाचून करायला त्यांनी साफ नकार दिला. “त्याची विटंबना मी होऊ देणार नाही.”

पण मला सांगायचे आहे ते गेल्या वसुबारसेचे. त्या दिवशी सासूबाई गाय-वासराची पूजा करतात आणि दिवसभर दूध-दुभत्याला शिवत नाहीत. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मीही तेच खाते. इतकी वर्षे खात आले, का ते विचारले नव्हते. त्या संध्याकाळी आम्ही तिघी एकाच ताटाच्या झालो. हे एकटेच दहीभात घेऊन कोपऱ्यात बसले होते आणि जरा ओशाळल्यासारखे दिसत होते.

“आजी, आज दूध का नाही गं?” लेकीने विचारले.

“आजचं दूध वासराचं,” सासूबाई म्हणाल्या. “निदान आजचं तरी.”

माझा घास तसाच राहिला. मग मी सांगितले. मी आठ वर्षांची असेन. आमच्या एका म्हशीचे रेडकू पावसाळ्यात हगवणीने मेले. म्हैस दूध देईना. तेव्हा गोठ्यावरच्या माणसाने त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरला, पायांच्या जागी चार काठ्या लावल्या आणि ते म्हशीपुढे उभे केले. म्हैस त्याला चाटायची, चाटायची आणि पान्हा सोडायची. त्या रेडकाला डोळे नव्हते. मी पाटीवर काढताना काढले होते.

“मग तू काय केलंस?” लेकीने हळूच विचारले.

“काय करणार? त्याच दुधाचा चहा झाला. प्यायले.”

ती काही बोलली नाही. पातेले पुढे ओढून तिने माझ्या ताटात आणखी थोडी गवार वाढली.